घरातले गाणे आणि खांबावरची न्यूट्रल

घरातील ध्वनिसंच जळाला की त्याचे कारण बहुधा ‘हाय व्होल्टेज आले’ एवढ्याच शब्दांत सांगितले जाते. प्रत्यक्षात या शब्दांमागे तीन अगदी वेगळ्या घटना दडलेल्या असतात. आकाशातली वीज जवळपास कोसळल्यामुळे किंवा मोठी मोटार बंद-चालू झाल्यामुळे उठणारी, सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागणारी दाबाची उसळी, म्हणजे सर्ज, ही पहिली. वितरणाच्या जाळ्यातील दोषामुळे काही सेकंद, काही मिनिटे किंवा तासभरही टिकून राहणारा अवाजवी दाब ही दुसरी. आणि उपकरण न जाळता आवाजात गुणगुण किंवा खरखर मिसळणारी पुरवठ्यातील अशुद्धता ही तिसरी. तिन्हींची कारणे वेगळी, काळाची मापे वेगळी आणि उपायही वेगळे असताना, पुण्यातील तापकीर गल्लीतल्या शे-दोनशे रुपयांच्या स्पाइक गार्डपासून उंची ध्वनिसंचांच्या दालनातील लाखभर रुपयांच्या पॉवर कंडिशनरपर्यंत सगळा माल ‘व्होल्टेजपासून संरक्षण’ या एकाच नावाखाली विकला जातो. महाराष्ट्रातील घरांत ध्वनिसंचांचा बळी नेमका कशाने जाण्याची शक्यता अधिक असते आणि त्यांना वाचवण्यासाठी पैसा कशावर खर्च होतो, या दोन बाबी शेजारी ठेवून पाहिल्या तर खर्चाचा क्रम जवळजवळ उलटा असल्याचे ध्यानात येते.

घरगुती पुरवठ्याचा दाब नाममात्र २३० व्होल्ट असतो आणि त्यात १० टक्के चढउतार मान्य असल्यामुळे २०७ ते २५३ व्होल्ट ही त्याची स्वीकृत मर्यादा ठरते. २३० हा प्रत्यावर्ती दाबाचा परिणामी (आरएमएस) आकडा असून, दर सेकंदाला ५० वेळा खालीवर होणारी ही लाट प्रत्येक शिखराला सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते. दाब २५३ झाला की शिखर ३५८ वर जाते. शिखराचा हा आकडा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण अँप्लिफायरमधील धारित्रे, ज्यांना दुरुस्ती करणारे कपॅसिटर किंवा नुसते ‘कंडेन्सर’ म्हणतात, ती परिणामी आकड्यापर्यंत न थांबता शिखरापर्यंत भरली जातात.

वस्तीतील रोहित्रातून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीपीतून, तीन फेजच्या तारा आणि एक न्यूट्रल तार निघते. कोणत्याही फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, तर कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. बहुतेक घरांना एक फेज आणि न्यूट्रल दिलेली असते. इमारतीतील किंवा आळीतील घरे तीन फेजवर शक्य तितकी सारखी वाटलेली असतात आणि न्यूट्रल ही सगळ्यांची परतीची सामाईक वाट असते. ही वाट तुटली तर वीज जाईल अशी सर्वसाधारण समजूत असते, परंतु तसे होत नाही, आणि सगळा धोका याच ठिकाणी आहे. न्यूट्रल रोहित्राकडून तुटली, गंजली किंवा मीटरच्या खोलीतील तिचा स्क्रू सैल होऊन तापत राहिला, तर वेगवेगळ्या फेजवरील घरे त्या ४०० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि दाब त्यांच्यामध्ये ज्याच्या त्याच्या रोधाच्या प्रमाणात वाटला जातो.

यासाठी नरक चतुर्दशीच्या पहाटेचे उदाहरण सोयीचे आहे. एका घरात अभ्यंगस्नानासाठी २,००० वॉटचा गीझर लावलेला आहे आणि दुसऱ्या फेजवरील शेजारच्या घरात भक्तिगीते लावलेला, ५० वॉट घेणारा अँप्लिफायर तेवढा चालू आहे, असे समजावे. गीझरचा रोध सुमारे २६ ओहम, तर अँप्लिफायरचा ढोबळ हिशेबाने १,०५८ ओहम भरतो. न्यूट्रल तुटताच ४०० पैकी जेमतेम १० व्होल्ट गीझरच्या वाट्याला येतात आणि उरलेले ३९० अँप्लिफायरवर पडतात. अँप्लिफायर हा काही साधा रोध नसल्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडेतिकडे होतील, परंतु हिशेबाची दिशा बदलणार नाही: वीज जितकी कमी वापरावी तितका अधिक दाब पदरात पडतो. रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे, घरातले बाकी सगळे बंद असताना, एकट्याने गाणे ऐकत बसणाऱ्या रसिकाचे घर म्हणजे या दोषाला मिळालेले आयते सावज होय.

न्यूट्रल तुटण्यास फार मोठे कारण लागते असेही नाही. वळवाच्या वाऱ्यात तारेवर पडलेली फांदी, अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून केलेला जोड, किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेने खाल्लेला क्लॅम्प किंवा खांबावर टाकलेले आकडे, यांपैकी काहीही पुरते. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळासारख्या प्रसंगानंतर जाळे जेव्हा तुकड्यातुकड्याने उभे केले जाते, तेव्हा पुरवठा परत येण्याचा क्षण हा पुरवठा जाण्याच्या क्षणापेक्षा अधिक जोखमीचा असतो. या दोषाची खूण ओळखू येण्यासारखी आहे: घरातील दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर होतात, पंखे नेहमीपेक्षा वेगाने फिरू लागतात आणि त्याच वेळी शेजारच्या घरातील दिवे मिणमिणतात. असे दिसल्यास कशाचा तपास करत न बसता मेन स्विच पाडणे हा एकच शहाणपणाचा उपाय असतो. एमसीबीकडून, म्हणजे बोर्डावरच्या स्वयंचलित खटक्याकडून, या वेळी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तो प्रवाह मोजतो, दाब मोजत नाही, आणि जुन्या घरांतील किटकॅट फ्यूजमध्ये ‘सारखा उडतो’ म्हणून जाड तार घातलेली असेल तर तोही आधार उरत नाही.

३९० व्होल्ट आत शिरल्यावर काय होते हे उपकरणाच्या जातीवर अवलंबून असते. जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरमध्ये पुरवठा प्रथम लोखंडी गाभ्याच्या जड रोहित्रातून जातो. दाब मर्यादेबाहेर गेला की हा गाभा चुंबकत्वाने संपृक्त होतो, म्हणजे त्याची चुंबकत्व धरण्याची क्षमता संपते, आणि प्राथमिक वेटोळ्यातून कितीतरी पट प्रवाह वाहू लागतो. योग्य मापाचा फ्यूज बसवलेला असेल तर तो उडतो आणि आठ-दहा रुपयांत काम भागते, अन्यथा वेटोळे जळते. आजचे ब्ल्यूटूथ स्पीकर, साउंडबार आणि अनेक डॅक, म्हणजे अंकीय संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी पेटी, ही उपकरणे स्विच-मोड पुरवठ्यावर चालतात. त्यांत येणारी वीज रोहित्राशिवाय थेट एकदिश केली जाते आणि ४०० किंवा ४५० व्होल्ट सहन करू शकणाऱ्या धारित्रात साठवली जाते. ३९० व्होल्टचे शिखर ५५० च्या पुढे जाते. धारित्राचे वरचे झाकण फुगते, त्यावरच्या खाचा उघडतात आणि आतल्या द्रावाचा उग्र, मासळीसारखा वास घरभर पसरतो. पाठोपाठ स्विचिंग ट्रान्झिस्टर जातो. उपकरणाच्या मागे छापलेली ‘१०० ते २४० व्होल्ट’ ही ओळ वाचून निर्धास्त झालेल्या ग्राहकाने हे समजून घ्यायला हवे की ही उदारता खालच्या दिशेची आहे. वरच्या बाजूला या उपकरणांना फारशी सवलत नसते.

आता स्पाइक गार्डकडे वळता येईल. त्याच्या प्लास्टिकच्या पेटीत, तो खरोखरच स्पाइक गार्ड असेल तर, निळ्या किंवा पिवळ्या रंगाची, गोळीच्या आकाराची एक चकती असते. तिला मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर किंवा संक्षेपाने एमओव्ही म्हणतात. जस्ताच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण इतर धातूंच्या ऑक्साइडांसह भाजून बनवलेली ही चकती जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केली. कणाकणांमधील प्रत्येक सीमा सुमारे ३ व्होल्टपर्यंत प्रवाह अडवते आणि त्यापुढे एकदम वाट मोकळी करते. अशा शेकडो सीमा एकापुढे एक आल्या की हवा तो दाब मिळतो. धरणाच्या सांडव्याप्रमाणे ठरावीक पातळीपर्यंत ही चकती काहीच करत नाही आणि पातळी ओलांडली की जादा प्रवाह बाजूने सोडून देते, तेही सेकंदाच्या अब्जांश भागांत. भारतातील पुरवठ्यासाठी सर्रास वापरली जाणारी चकती २७५ व्होल्ट परिणामी दाबाची असते; तिच्या अंगावर ‘४३१’ असा आकडा असतो, ज्याचा अर्थ ४३ च्या पुढे एक शून्य, म्हणजे ४३० व्होल्टला तिच्यातून एक मिलिअँपिअर प्रवाह सुरू होतो, असा आहे. मोठी उसळी आली असता २० मिलिमीटर व्यासाची अशी चकती दाब ७०० व्होल्टच्या आसपास रोखून धरते. स्वस्त पेट्यांत ७ मिलिमीटरची चकती असते, आणि पुष्कळदा निऑन दिवा, स्विच आणि ‘स्पाइक’ हा छापील शब्द यांच्यापलीकडे आत काहीच नसते.

तथापि उत्तम प्रतीची चकतीसुद्धा न्यूट्रल तुटल्यावर कुचकामी ठरते. किंबहुना ती स्वतःच संकट बनते. ३९० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सेकंदाला १०० वेळा तिची ४३० ची पातळी ओलांडते; मायक्रोसेकंदांपुरती ऊर्जा पचवण्यासाठी बनवलेल्या चकतीला ती अखंड पचवावी लागते, काही क्षणांत ती लाल होते आणि प्लास्टिकची पेटी पेट घेऊ शकते. म्हणूनच चांगल्या पेट्यांत चकतीला चिकटून उष्णतेने तुटणारा फ्यूज बसवलेला असतो. माहितीपत्रकांत ज्यूलचा आकडा, म्हणजे चकती किती ऊर्जा पचवते ते, ठळक अक्षरांत छापलेला असतो, पण हा फ्यूज आहे की नाही याचा उल्लेख शोधावा लागतो. ग्राहकाने विचारायचा प्रश्न हाच आहे.

टिकाऊ अवाजवी दाबावरचा उपाय वेगळा आणि तुलनेने साधा आहे. ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ या नावाने मिळणारा, एमसीबीशेजारी त्याच पट्टीवर बसणारा रिले दाब सतत मोजत राहतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर, समजा २६५ किंवा २७० व्होल्टच्या वर गेला की सेकंदाच्या काही अंशात घराचा पुरवठा तोडतो. दाब पूर्ववत झाल्यावर मिनिटभर किंवा अधिक थांबून तो पुन्हा जोडतो. वीज परत येतानाचा हेलकाव्यांचा काळ त्यामुळे आपोआप टळतो, आणि गावोगाव लोक ‘लाइट आली तरी पाच मिनिटे थांबा’ म्हणून जे हाताने करतात तेच यंत्राने होते. हा रिले मायक्रोसेकंदांची उसळी थांबवू शकत नाही, कारण त्याचे संपर्क हलेपर्यंत ती येऊन गेलेली असते. तेव्हा रिले आणि व्हॅरिस्टर ही एकमेकांची जागा घेणारी साधने नसून दोन्ही लागतात. एका चांगल्या स्पीकर केबलच्या किमतीत दोन्ही बसतात, हे सांगूनही ध्वनिप्रेमींचा उत्साह केबलकडेच का वळतो याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडणार नाही.

खऱ्या उसळीची, म्हणजे सर्जची, बाजू आता पाहू. आकाशातून येणाऱ्या विजेच्या पहिल्या झोताचा मध्यम प्रवाह ३०,००० अँपिअरच्या घरात असतो आणि ती काही शे मीटरवर पडली तरी उघड्या तारांमध्ये हजारो व्होल्टचा दाब प्रवर्तित होतो. महाराष्ट्रात मॉन्सूनपूर्व वळवाचे दिवस आणि परतीचा पाऊस हे दोन काळ या दृष्टीने वाईट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ अॅप जीव वाचवण्यासाठी असले, तरी त्याचा इशारा मिळताच प्लग उपटून ठेवण्याने ध्वनिसंचाचेही भले होते, आणि या उपायाइतका खात्रीचा उपाय दुसरा कोणताही नाही. इमारतीवरचा तडितरक्षक इमारत वाचवतो, आतील इलेक्ट्रॉनिक्स नव्हे. त्यासाठी मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे एसपीडी, बसवावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकांत त्याचे तीन प्रकार आहेत: थेट आघाताचा प्रवाह पेलणारा पहिला, मेन बोर्डावरचा दुसरा आणि उपकरणाजवळचा तिसरा. घरगुती उपकरणांनी २,५०० व्होल्टची उसळी सोसावी अशी अपेक्षा असते, आणि दुसऱ्या प्रकारचे चांगले साधन ती १,५०० च्या आत आणते. महाराष्ट्रातील पुरवठ्याचा स्वभाव पाहता, सतत सहन होणाऱ्या दाबाचा आकडा २७५ ऐवजी ३२० असलेले साधन घेणे अधिक टिकाऊ ठरते.

हे साधन विकत घेणे सोपे आणि नीट बसवणे अवघड, कारण वायरमनच्या हातून नेमकी एक चूक होते. तार कितीही जाड असली तरी एका मीटर लांबीला सुमारे एक मायक्रोहेन्रीचे प्रवर्तन असते, म्हणजे प्रवाह एकदम वाढू लागला की ती त्याला अडवते. ३,००० अँपिअरची उसळी ८ मायक्रोसेकंदांत चढली तर सरळ हिशेबाने तारेच्या प्रत्येक मीटरवर सुमारे ३७५ व्होल्ट उभे राहतात आणि ते साधनाने रोखलेल्या दाबात मिळवले जातात. बोर्डात तार नीटस दिसावी म्हणून ती कडेकडेने वळवून दोन मीटर फिरवली की ७५० व्होल्टची भर पडते. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसावी असा दंडक आहे. इथे कामाचा देखणेपणा आणि कामाचा उपयोग यांची दिशा उलटी आहे.

उसळी विजेच्या तारेनेच येते असेही नाही. केबलवाल्याने एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, मध्ये झाडाला वळसा घालून नेलेली कोअॅक्शियल तार, डीटीएचच्या थाळीची तार आणि तांब्याची लॅन केबल ही घरात शिरण्याची आडवाट असते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये आणि पुढे तेथील राष्ट्रीय मानक संस्थेत काम केलेल्या फ्रांस्वा मार्ट्झलॉफ यांनी हीच बाब वारंवार मांडली: विजेच्या प्लगवरचा संरक्षक उसळी अर्थिंगकडे वळवतो, त्यामुळे त्या टोकाचा अर्थिंगचा दाब क्षणभर उचलला जातो, आणि टीव्ही किंवा रिसीव्हर जर दुसऱ्या बाजूने केबलच्या वेगळ्या अर्थिंगला जोडलेला असेल तर तो फरक नेमका त्या यंत्राच्या पोटातून भरून निघतो. एव्ही रिसीव्हर चालू असतो, आवाजही येतो, पण एचडीएमआयचे पोर्ट तेवढे मेलेले असतात, ही दुरुस्तीच्या दुकानात नेहमी दिसणारी तऱ्हा अशा मार्गानेच घडते. काचेच्या तंतूतून येणाऱ्या फायबर ब्रॉडबँडने ही वाट बऱ्याच अंशी बंद केली आहे, हा त्याचा फारसा न गाइलेला गुण होय.

अर्थिंगविषयी बोलताना बहुधा फक्त ओहमचा आकडा विचारला जातो. मिठाचे आणि कोळशाचे थर देऊन पुरलेल्या नळाचा रोध ५ ओहम आला की काम उत्तम झाले असे मानतात, आणि गळतीचा प्रवाह जमिनीत जाण्यासाठी ते खरेही आहे. मात्र त्याच ५ ओहममधून ३,००० अँपिअर गेले तर १५,००० व्होल्ट उभे राहतात. तेव्हा उसळीच्या वेळी जमीन ‘शून्यावर’ राहत नाहीच. घरातील सगळी उपकरणे आणि सगळ्या तारा एकाच बिंदूला जोडलेल्या असल्या तर ती एकत्र वर उचलली जातात आणि एकमेकांमध्ये फरक पडत नाही, हाच खरा बचाव असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात, जिथे जांभ्याच्या कातळात चांगला रोध मिळवणे मुळातच कठीण, तिथे हे तत्त्व अधिकच लागू पडते. देशावरच्या काळ्या मातीत उलट पावसाळ्यात सुरेख रोध मिळतो, पण उन्हाळ्यात जमीन भेगाळून नळापासून सुटते, आणि खड्ड्यात पाणी घालण्याची आठवण कुणालाच राहत नाही.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत दोन तारांचेच वायरिंग असते. तिसरे भोक असलेला सॉकेट नंतर बसवला तरी त्यामागे तार नसते, किंवा वायरमनने युक्ती म्हणून ती न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. ही युक्ती जीवघेणी आहे. न्यूट्रल बाहेर तुटली की अँप्लिफायरची लोखंडी पेटी, तिचे बटण आणि तबकडीच्या यंत्राचा धातूचा हात एकाच वेळी जिवंत होतात. अर्थिंग अजिबात नसेल तर वेगळाच प्रकार अनुभवास येतो. पॉवर कंडिशनर आणि स्विच-मोड पुरवठे यांत फेज आणि न्यूट्रलपासून पेटीकडे जाणारी दोन लहान धारित्रे असतात. त्यांचे काम उच्च वारंवारतेचा गोंगाट जमिनीत सोडण्याचे. जमीन नसली तर पेटी या दोन धारित्रांच्या मध्ये लोंबकळत राहून ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. तिच्यावरून बोटाची मागची बाजू फिरवली की मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवते आणि टेस्टर लावला तर तो उजळतो. ४.७ नॅनोफॅरडच्या धारित्रातून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ०.३४ मिलिअँपिअर जात असल्याने ही थरथर सहसा घातक नसते, परंतु ज्या घरात महागडा कंडिशनर आणला आणि पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्या, त्या घरात पैसा कुठे जायला हवा होता हे त्या मुंग्याच सांगतात.

स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर यांचा निकाल लवकर लावता येतो. रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो, प्रत्येक टप्प्याला टक आवाज करून पुरवठा क्षणभर खंडित करतो आणि संवेदनशील अँप्लिफायरमधून फट् असा आवाज काढवतो. सर्व्हो स्टॅबिलायझर मोटारीने हळूहळू दाब सुधारतो. दोन्ही मंद आहेत, सर्जवर निरुपयोगी आहेत, आणि जिथे संध्याकाळी दाब १७०-१८० वर उतरतो अशा फीडरच्या टोकाच्या गावातच त्यांना खरा अर्थ आहे. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर अँप्लिफायरचे रोहित्र गुरगुरते. साइन लाटेच्या इन्व्हर्टरवर ती तक्रार सहसा राहत नाही.

आवाजाच्या शुद्धतेचा प्रश्न उरतो, आणि येथेच सर्वांत अधिक पैसा आणि सर्वांत कमी मोजमाप आढळते. कंडिशनर म्हणजे मुख्यतः वेटोळी आणि धारित्रे यांची गाळणी; ती काही दशसहस्र हर्ट्झपासून वरचा गोंगाट, जो एलईडी दिव्यांच्या, चार्जरच्या आणि छतावरील सौर इन्व्हर्टरच्या स्विचिंगमधून येतो, तो कमी करते. नीट बांधलेल्या अँप्लिफायरचा स्वतःचा पुरवठा हेच काम बऱ्याच प्रमाणात करत असतो. कानाला ऐकू येणारी गुणगुण मात्र ५० किंवा १०० हर्ट्झची असते आणि तिच्यावर या गाळणीचा परिणाम जवळजवळ होत नाही. १०० हर्ट्झची गुणगुण ऐकायची असेल तर काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा पंचम आठवावा. तो १०४ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि ही गुणगुण त्याच्या थोडी खाली, उतरलेल्या पंचमासारखी, शांत आलापीच्या पाठीमागे बसून राहते. शास्त्रीय गायनाच्या श्रोत्याला ती इतर कुणाहीपेक्षा अधिक का खुपते, याचे कारण यात आहे.

ही गुणगुण पुष्कळदा अर्थिंगच्या फेऱ्यामुळे येते: अँप्लिफायर एका सॉकेटवर, सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या खोलीच्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणाऱ्या ध्वनितारेच्या आवरणातून फरकाचा प्रवाह. सगळी उपकरणे एकाच बोर्डावरून घेणे हा पहिला उपाय आणि केबलच्या तारेवर किंवा ध्वनितारेवर विलगक रोहित्र बसवणे हा दुसरा. तिसरा उपाय म्हणून अँप्लिफायरच्या प्लगची जाड पिन कापण्याची जी प्रथा आहे, ती आवाज घालवते आणि माणसाचे संरक्षणही. गुणगुण स्पीकरऐवजी अँप्लिफायरच्या पेटीतूनच येत असेल तर कारण निराळे असते. हेअर ड्रायरसारखी काही साधने लाटेचा एकच अर्धा भाग वापरतात, त्यामुळे पुरवठ्यात किंचित एकदिश दाब मिसळतो, आणि वर्तुळाकार टोरॉइड रोहित्राचा गाभा एवढ्यानेही संपृक्तीकडे झुकतो. त्यावर डीसी ब्लॉकर नावाचे एक छोटे सर्किट पुरते.

रेकॉर्ड वाजवणाऱ्यांसाठी वारंवारतेचा एक जुना अध्याय आहे. बेल्टवर चालणाऱ्या अनेक तबकडीयंत्रांची सिंक्रोनस मोटार पुरवठ्याच्या वारंवारतेशी बांधलेली असते. विजेच्या तुटवड्याच्या काळात ही वारंवारता ४८.५ हर्ट्झच्याही खाली उतरत असे. तीन टक्क्यांची ही घट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याने सूर उतरणे, आणि जोडीला लयही तेवढीच संथ. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात वारंवारतेशी निगडित वीजदरपद्धती लागू झाली आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले; आज वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचे बंधन आहे. श्रोत्यांच्या गावीही नसताना त्यांच्या तबकड्या सुरात आल्या त्या अशा.

अमेरिकेतून परतणाऱ्या किंवा तिथून नातेवाइकांकरवी सामान आणवणाऱ्या कुटुंबांत दोन चुका ठरलेल्या असतात. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे तबकडीयंत्र दाब उतरवणाऱ्या रोहित्रावर लावले की ते चालते, पण मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेते. काळी चारमधील गायक पांढरी चारच्याही किंचित खाली गातो. दुसरी चूक अधिक झटपट असते: तिकडचा सर्ज स्ट्रिप साध्या अॅडॅप्टरने इकडच्या भिंतीत खोचणे. त्यातील चकत्या १३० ते १५० व्होल्टच्या असतात आणि त्या स्विच दाबताक्षणी फुटतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या हातात मात्र या साखळीची शेवटचीच कडी असते. ओव्हर-व्होल्टेज रिले त्याच्या बोर्डावर बसतो, पण न्यूट्रलचा मुख्य जोड, पहिला एसपीडी आणि अर्थिंगचा खड्डा हे सगळे जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, म्हणजे सोसायटीच्या मालकीच्या जागेत असते. तेथील न्यूट्रल लिंकचे स्क्रू तपासून आवळणे हे पुरवठा बंद करून परवानाधारक वायरमनने करायचे तासाभराचे काम. एसपीडीवरची हिरवी खिडकी लाल झाली आहे का, म्हणजे आतली चकती संपली आहे का, हे पाहायला तर एक नजर पुरते. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर लिफ्टची देखभाल असते, पाण्याची टाकी असते, गणेशोत्सवाची वर्गणी असते. मीटरच्या खोलीचा विषय तिथे यावा यासाठी सभासदाने सचिवांकडे लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती सभेच्या पुरेशी आधी द्यावी लागते.